लेकरू आजोळी आहे: बापाचा हक्क किती, आणि तो मागायचा कसा?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलं की नाही ते तुम्हालाही दिसेल. तुम्ही दारव्हा तालुक्यातले. घरचं तीन एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी आणि तूर. हंगामात जिनिंगवर रोजीनं काम. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली, मूर्तिजापूरकडे. मुलगी झाली, आता पाच महिन्यांची आहे. बारशाच्या दिवशी दोन्हीकडच्या माणसांची बोलाचाली झाली आणि तेव्हापासून सासरे बायकोला पाठवत नाहीत, तुम्हाला लेकरू दाखवत नाहीत. जन्माच्या नोंदीत बापाचं नावच घातलं नाही, असंही कानावर आलं. गावातल्या बैठकीत एकानं सांगितलं, "बापाचाच हक्क असतो, जा आणि उचलून आण." दुसऱ्यानं सांगितलं, "पाच वर्षं तुला काहीच हक्क नाही, गप बस." आणि शेवटी तुम्ही हेही विचारलं, की रेल्वेतल्या मित्राला मूल झाल्यावर पंधरा दिवसांची पगारी रजा मिळाली आणि तुमची मात्र दवाखान्यात थांबलात त्या दिवसांची रोजी बुडाली, हा कुठला न्याय.

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. अशा प्रकरणांत बहुतेक वेळा मी मुलीच्या, म्हणजे तुमच्या बायकोच्या जागी असलेल्या बाईच्या बाजूनं उभी असते. काही वेळा बापाच्या बाजूनंही. त्यामुळे समोरचा वकील काय विचारेल आणि न्यायाधीश काय पाहतील, हे दोन्ही अंगांनी सांगते.

बैठकीतले दोघंही अर्धवट सांगत होते. गोंधळ होतो तो तीन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यामुळे: पालकत्व, ताबा आणि भेट. पालकत्व म्हणजे कायद्याच्या नजरेत या लेकराचे मायबाप कोण, त्याच्या वतीनं सही कोण करणार, त्याच्या मालमत्तेचं कोण पाहणार. ताबा म्हणजे लेकरू रोज कोणाजवळ राहणार. भेट म्हणजे ज्याच्याजवळ ते राहत नाही त्यानं त्याला कधी, कुठे, किती वेळ पाहायचं. तुमच्याकडे आज ताबा नाही. पण म्हणून पालकत्व गेलेलं नाही आणि भेटीचा हक्कही गेलेला नाही.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ सालचा आहे. त्याच्या कलम ६ प्रमाणे लग्नातून झालेल्या मुलाचा नैसर्गिक पालक बाप, आणि त्याच्यानंतर आई. पहिला माणूस जे सांगत होता ते इथून आलं. पण १९९९ साली सर्वोच्च न्यायालयानं गीता हरिहरन यांच्या खटल्यात स्पष्ट केलं, की बाप जिवंत असतानाही तो लेकराची काळजी घेत नसेल, दूर असेल किंवा लक्ष घालत नसेल, तर आई पालक म्हणून काम करू शकते. त्यासाठी बाप मरायची वाट पाहावी लागत नाही. म्हणजे बापाचं पालकत्व हे घरच्या सातबाऱ्यासारखं आपोआप नावावर राहत नाही, ते निभवावं लागतं. त्याच कलमात पुढे लिहिलंय, की पाच वर्षं पूर्ण न झालेल्या लेकराचा ताबा साधारणपणे आईकडे राहील. दुसरा माणूस जे सांगत होता ते इथून. पण तिथेही फक्त ताब्याचंच म्हटलंय. पाच वर्षं बापानं तोंड पाहू नये, असं कुठल्याही कायद्यात नाही.

आणि या सगळ्याच्या वर कलम १३ आहे: लेकराचं हित सगळ्यात आधी. कोर्टात उभं राहिलात की तुमच्या हक्कापासून कुणी सुरुवात करत नाही. या लेकराचं भलं कशात आहे, इथून सुरुवात होते. पाच महिन्यांची मुलगी आईच्या अंगावर पिते. तिला आज आईपासून तोडून दारव्ह्याला आणणं तिच्या हिताचं आहे, हे मी तुमची वकील असते तरी न्यायाधीशाला पटवू शकले नसते. आई हयात नसेल, लेकराला सांभाळण्याच्या स्थितीतच नसेल, किंवा लेकराच्या जिवाला धोका असेल, तर गोष्ट वेगळी. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात आई वारल्यावर मावशीकडे असलेलं लहान लेकरू बापाकडे दिलं. पण तुमच्या मुलीची आई आहे, धडधाकट आहे. तेव्हा ताब्याचा अर्ज आज करू नका.

"उचलून आण" याबद्दल जरा थांबून सांगते, कारण हे ऐकून माणसं फार नुकसान करून घेतात. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं अमरावतीच्या एका प्रकरणात म्हटलं, की कोर्टाचा मनाई हुकूम नसताना सख्ख्या बापानं आपलं मूल आईकडून नेलं तर तो अपहरणाचा गुन्हा होत नाही. ही बातमी व्हॉट्सॲपवर फिरली आणि आता अनेक बापांच्या मोबाइलमध्ये जपून ठेवलेली असते. पण त्या निकालात फौजदारी गुन्हा बनतो की नाही एवढंच ठरलं. नेलेलं लेकरू तुमच्याकडेच राहील, असं त्यात नाही. तान्हं लेकरू उचललंत तर आई उच्च न्यायालयात लेकरू हजर करण्याची याचिका करू शकते, मॅजिस्ट्रेटकडे घरगुती हिंसाचाराचा अर्ज करून तात्पुरता ताबा मागू शकते, आणि अंगावर पिणारं लेकरू असेल तर ते परत आईकडे जायला फार दिवस लागत नाहीत. मागे काय उरतं? तुमच्यावरचा एक कागद, की या माणसानं दूधपितं लेकरू आईपासून हिसकावलं. पुढची कैक वर्षं भेट मागताना तो कागद समोरच्या वकिलाच्या हातात असेल. शिवाय उचलायला कुणी एकटं जात नाही. छोट्या हत्तीत दहा-पंधरा माणसं भरून जातात, तिथे धक्काबुक्की होते, आणि मग सोबत आलेल्या भावकीवरही गुन्हे लागतात. अशी प्रकरणं मी दोन्ही बाजूंनी लढले आहे. त्यातून एकाही बापाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.

आता एक गोष्ट, जी तुम्ही लिहिली नाही आणि ज्यावर बरंच काही अवलंबून आहे: तुमच्या बायकोचं म्हणणं काय आहे? सासऱ्यांचं लिहिलंत, साळ्याचं लिहिलंत, तिचं एक वाक्य नाही. बारशातली बोलाचाली हे खरं कारण असेल तर हे प्रकरण महिन्या-दोन महिन्यांत मिटण्यासारखं आहे. पण तिला परत येण्याची भीती वाटत असेल, दारू, हात उचलणं, मुलगी झाली म्हणून टोमणे, बाळंतपणाचा खर्च कोणी करायचा यावरून तगादा, यातलं काही असेल, तर माझं उत्तर बदलतं. घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम २१ प्रमाणे बापाच्या भेटीनं लेकराला अपाय होईल असं मॅजिस्ट्रेटला वाटलं तर ते भेट नाकारतात. तसं काही घडलं असेल तर वकिलापासून लपवू नका. दारू असेल तर ती सोडण्याचे उपचार आधी सुरू करा आणि त्याचे कागद ठेवा. कोर्ट सुधारणाऱ्या माणसाला रस्ता देतं. नाकारत बसणाऱ्याला उलटतपासणीत उघडं पाडतं.

आणि बायकोनं नांदायला यावं म्हणून तिला ओढून आणणारा कायदा नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली नांदायला येण्याचा दावा करता येतो, पण हुकूम झाला तरी पोलीस तिला तुमच्या घरी आणून सोडत नाहीत. त्या दाव्याचा तुम्हाला उपयोग दुसरा आहे, तो पुढे सांगते.

आधी पैशाचं. तुम्ही म्हणता, "लेकरू दाखवत नाहीत तर मी खर्च का द्यावा?" कोर्टात हे वाक्य तोंडातून काढू नका, आणि मनातूनही काढून टाका. लेकराचा खर्च आणि बापाची भेट यांची कायद्यात अदलाबदल होत नाही. भेट मिळत नसली तरी खर्च द्यावाच लागतो, आणि खर्च थकला म्हणून आईलाही भेट अडवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे जुन्या कलम १२५ च्या जागी जे आलं त्याखाली, बायको स्वतःसाठी आणि लेकरासाठी पोटगी मागू शकते. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सुरू झालेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणातही बाई मुलगा झाल्यानंतर थोड्याच दिवसांत वेगळी झाली होती. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्यात सांगितलं, की पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरायची. निकाल दीड वर्षानं लागला तर दीड वर्षाची थकबाकी एकदम डोक्यावर येते; ती भरली नाही तर वॉरंट निघतं आणि तुरुंगातही जावं लागू शकतं. कापसाचे चुकारे आले की एकदम देऊन टाकू, असं कोर्टाला सांगून भागत नाही.

म्हणून आजपासून सुरुवात करा. झेपेल तेवढं, पण दर महिन्याला, ठरलेल्या तारखेला. बायकोच्या खात्यावर किंवा फोनपेवर टाका आणि शेऱ्यात लेकराचं नाव लिहा. मध्यस्थाच्या हाती रोख देऊ नका, कारण त्याला पुरावा राहत नाही. नंबर बंद केला असेल तर पोस्टातून मनीऑर्डर करा. "घेण्यास नकार" असा शेरा मारून ती परत आली तर तो कागदही जपून ठेवा. एका बापाच्या बाजूनं मी उभी होते, तो पुसदकडचा शेतमजूर. त्यानं शाळेची शंभर पानी वही आणली होती. प्रत्येक पानावर वर तारीख, खाली पोस्टाची पावती डिंकानं चिकटवलेली, आणि बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं: लसीचा दिवस, फोन केला, उचलला नाही, आजीनं उचलला, लेकराचा आवाज ऐकला. रकमा लहानच होत्या. न्यायाधीशांनी ती वही स्वतःच्या हातात घेऊन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली. भेटीच्या अर्जावर त्यानंतर फारसा वाद उरला नाही.

आता जन्मनोंदीचं. इथे तुमचा हक्क सरळ आहे आणि लवकर बजावला पाहिजे. जन्म जिथे झाला तिथेच त्याची नोंद होते. नवऱ्याच्या गावी नाही आणि राहत्या गावीही नाही. मुलगी सरकारी दवाखान्यात झाली असेल तर माहिती दवाखानाच कळवतो, घरी झाली असेल तर ग्रामपंचायतीत. नोंद २१ दिवसांच्या आत फुकट होते. पुढे विलंब शुल्क लागतं, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून बदललेला कायदा लागू झाल्यामुळे त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट अशा कामांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच धरला जातो. म्हणून ही नोंद चुकीची राहू देऊ नका.

पण "नाव घातलं नाही" या ऐकीव गोष्टीवर भांडण उभं करू नका. नोंदीचा उतारा कुणालाही फी भरून मागता येतो. तो आधी काढा. माझ्या अनुभवात नाव मुद्दाम वगळल्यापेक्षा चुकीचं लागल्याची प्रकरणं जास्त असतात. बाळंतपणाच्या रात्री दवाखान्यात सोबत असते ती बाळंतिणीची आई किंवा भाऊ. सिस्टर विचारते, "बापाचं नाव?" आणि आजी घरात हाक मारतात ते नाव सांगते. आधारवर एक, दाखल्यावर दुसरं, आडनावात काना-मात्रेचा फरक. हे असेल तर जन्म-मृत्यू निबंधकाकडे दुरुस्तीचा साधा अर्ज, सोबत दोघांचं आधार, लग्नाच्या नोंदणीचा दाखला, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड आणि माता-बाल संरक्षण कार्ड. ते कार्ड महत्त्वाचं आहे. गरोदरपणात आशाताई किंवा एएनएमनं ते भरलेलं असतं आणि त्यावर नवऱ्याचं नाव असतं, म्हणजे वाद सुरू होण्याच्या आधीचा कागद. तुमच्याकडे त्याचा मोबाइलमधला फोटो असला तरी तो शोधून ठेवा. लग्नाची नोंदणी झाली नसेल, आणि आपल्याकडे बहुतेकांची झालेली नसते, तर पत्रिका, फोटो आणि लग्नाला हजर असलेल्यांची शपथपत्रं चालतात का, ते निबंधकाला विचारून घ्या.

नाव खरंच मुद्दाम वगळलं असेल आणि समोरचे दुरुस्तीला हरकत घेत असतील, तर दिवाणी कोर्टात जावं लागेल. तिथे घाबरू नका. लग्न टिकून असताना झालेलं मूल नवऱ्याचंच, हे पुरावा कायदा गृहीत धरतो. जुन्या कायद्याचं कलम ११२, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६. ते खोडून काढायचं तर त्या काळात नवरा-बायकोचा संबंध येणंच शक्य नव्हतं, असं सिद्ध करावं लागतं. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा: रागाच्या भरात "लेकरू माझंच आहे कशावरून" असं बोलणारा बाप स्वतःचीच केस मारतो आणि बायकोला परत येण्याचा रस्ता कायमचा बंद करतो. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनाही हे सांगा, कारण असलं वाक्य बहुतेक वेळा नवऱ्याच्या नाही, त्याच्या घरच्यांच्या तोंडून जातं.

मुलीचं नाव नोंदीत अजून घातलं नसेल तर नोंदणीपासून वर्षभर ते फुकट घालता येतं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांवर आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असं लिहायचं महाराष्ट्र सरकारनं ठरवलंय. मधे आईचं नाव दिसलं म्हणून "माझं नाव काढलं" असं समजू नका.

योजनांचंही याला जोडूनच सांगते, कारण भांडणात लेकराचे पैसे अडकतात. पहिल्या बाळंतपणाला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५००० रुपये आईच्या आधार जोडलेल्या खात्यात येतात. ते आईचे आहेत, त्यावर बोट ठेवू नका. लेक लाडकी योजना १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड लागतं, जन्माला ५००० रुपये, पुढे टप्प्याटप्प्यानं, आणि १८ वर्षांनंतर ७५,०००, मिळून १ लाख १ हजार. आता पाहा, बायकोचं नाव लग्नानंतर तुमच्या घरच्या रेशनकार्डावर आलंय, आणि ते कार्ड तुमच्या आईच्या पेटीत आहे. तुम्ही त्याची आणि तुमच्या आधारची झेरॉक्स न मागता तिकडच्या अंगणवाडीताईकडे पोचवली, तर मुलीच्या पहिल्या हप्त्याचं काम अडणार नाही. हे कुणी सांगायची वाट पाहू नका. सासरी एक शब्दही न बोलता बापाचं काम होतं ते असं.

गावच्या बैठकीविषयी माझं मत वाईट नाही. तंटामुक्ती समिती, पोलीस पाटील, दोन्हीकडचे जाणते बसले की पुष्कळ संसार परत लागतात, आणि तुमच्या प्रकरणात मी कोर्टाच्या आधी हेच सुचवीन. फक्त दोन गोष्टी सांभाळा. बैठक तिच्या गावी किंवा मधल्या ठिकाणी ठेवा, आणि तिच्याशी बोलायला बाई माणूस असू द्या. ती वीस पुरुषांसमोर खरं कारण सांगणार नाही. आणि स्टॅम्पवर काही लिहून देऊ नका. "मी बायकोला फारकत देतो, लेकरावर माझा हक्क नाही, आणि ती खर्च मागणार नाही," असे स्टॅम्प माझ्याकडे नेमाने येतात. अशा लिखाणानं कायदेशीर घटस्फोट होत नाही (तशी सिद्ध झालेली रूढी असलेल्या समाजांचा अपवाद सोडून), आणि लेकराचा पोटगीचा हक्क मायबापांना लिहून देऊन संपवता येत नाही. नोटरीचा शिक्का असला तरी नाही. समझोता झालाच तर तो तालुका विधी सेवा समितीमार्फत लोकअदालतीत नोंदवून घ्या. लोकअदालतीच्या निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याची किंमत असते. कुणी मोडला तर अंमलबजावणी मागता येते.

बैठकीत जमलं नाही तर कोर्ट. पण कुठलं? १८९० सालच्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज करायचा तर लेकरू जिथे राहतं तिथल्या जिल्हा किंवा कौटुंबिक न्यायालयात. म्हणजे तुम्हाला अकोला जिल्ह्यात जावं लागेल, आणि शकुंतला ही यवतमाळ-मूर्तिजापूरची छोटी रेल्वे बंद पडल्यापासून दारव्ह्याहून तिकडे जाणं म्हणजे कारंज्याला एसटी बदलत अख्खा दिवस आणि त्या दिवसाची रोजी. दुसरा रस्ता, ज्याचा मघाशी उल्लेख केला: नांदायला येण्याचा दावा तुम्ही दोघं शेवटचं जिथे एकत्र राहिलात तिथे, म्हणजे तुमच्याकडे, दाखल करता येतो, आणि त्याच दाव्यात हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली लेकराच्या भेटीचा अर्ज जोडता येतो. पण तान्हं लेकरू घेऊन तिनं दारव्ह्याला तारखा करणं अवघड आहे. ती दावा तिकडे वर्ग करून मागू शकते, आणि कोर्टं अशा वेळी बहुधा बाईची अडचण मोठी धरतात. शिवाय नांदण्याचा दावा गेला की तिकडून पोटगी, घरगुती हिंसाचार आणि छळाची तक्रार येण्याची शक्यता असते. कधी खरी, कधी ताणलेली. म्हणून मी स्वतः आधी साधं पत्र पाठवते. त्यात आरोप नाहीत, तिच्या चारित्र्यावर किंवा माहेरावर एक शब्द नाही. "लेकराला भेटायचं आहे, खर्च पाठवत आहे, तुमची अडचण सांगा" एवढंच. वकिलाला फी देऊन लिहिलेली शिव्यांची नोटीस पुढे तुमच्याच विरुद्ध वाचली जाते.

भेट मागताना लहान मागा आणि नेमकी मागा. पाच महिन्यांच्या लेकराला तुम्ही आज अनोळखी आहात. ते तुमच्याकडे पाहून रडेल, आणि ते पाहून तुम्हाला वाईट वाटेल. अशा लेकरासाठी महिन्यातून एक अख्खा दिवस मागण्यापेक्षा दर दुसऱ्या रविवारी दोन तास बरे. जागा तिची: तिचं घर, अंगणवाडी किंवा ग्रामपंचायत, आई किंवा आजी जवळ. मधल्या आठवड्यात एक व्हिडिओ कॉल. वाढत्या वयाबरोबर वेळ वाढेल, हे अर्जातच लिहून घ्या. नऊ महिन्यांना गोवर-रुबेलाची लस असते. त्या दिवशी हजर राहू द्या, अशी विनंती आशाताईमार्फत आताच करा. बहुतेक माणसं लसीच्या दिवशी बापाला हाकलत नाहीत.

हे सगळं तुम्ही हिंदू कायद्याखाली येता असं धरून लिहिलं. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. आपल्याकडचे कितीतरी बौद्ध बांधव "आम्हाला कुठला कायदा" असं विचारतात, म्हणून मुद्दाम सांगितलं. गोंड, कोलाम, कोरकू अशा अनुसूचित जमातींना १९५६ चा कायदा आपोआप लागत नाही. तिथे रूढी आणि १८९० चा कायदा पाहतात. मुस्लिम कुटुंबांत लहान वयात सांभाळ आईकडे आणि पालकत्व बापाकडे, अशी शरियतची मांडणी आहे. पण कोर्टात लेकराचं हित सगळीकडेच पाहिलं जातं, आणि पोटगीचं कलम १४४ कुठल्याही धर्माच्या बापाला सारखंच लागतं.

रजेचं राहिलं. तुमच्या मित्राला मिळाली ती केंद्र सरकारच्या नोकरांची पितृत्व रजा: दोनपेक्षा कमी हयात अपत्यं असतील तर १५ दिवस, जन्मापासून सहा महिन्यांच्या आत. खासगी कारखान्यातल्या, जिनिंगवरच्या किंवा शेतातल्या बापाला अशी रजा देणारा कायदा देशात नाही. आपल्या शेजारच्या हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ साली पितृत्व लाभाचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. आईला २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, पण तीही आस्थापनेत ठरावीक दिवस काम केलेल्या बाईला. निंदणाला जाणाऱ्या बाईला कोण रजा देणार? जी बाई बाळंतपणानंतर सव्वा महिन्यात परत वावरात जाते आणि जो बाप रोजी बुडवून दवाखान्याच्या व्हरांड्यात रात्र काढतो, त्या दोघांनाही कायद्यानं बाहेर ठेवलंय. तुमची तक्रार खरी आहे. आज त्यावर कोर्टातून दाद मिळणार नाही, एवढंच प्रामाणिकपणे सांगू शकते.

वकिलाची फी झेपत नसेल तर दारव्ह्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय विचारा. वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर तुम्हाला मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीचे असाल तर उत्पन्नाची अटही नाही. तुमच्या बायकोलाही हा हक्क आहे, आणि तिला तो मिळाला म्हणून राग धरू नका. दोन्हीकडे वकील असला की समझोता लवकर होतो. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक आहे. जाताना तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, लग्नाची पत्रिका किंवा नोंदणीचा दाखला, जन्मनोंदीचा उतारा, रेशनकार्ड, दोघांच्या आधारच्या झेरॉक्स आणि आतापर्यंत पाठवलेल्या पैशाच्या पावत्या घेऊन जा. पावत्या अजून नसतील तर कोर्टाच्या आधी पोस्टात जा.